घरातलं पिस्तूल बाहेर काढायचंय : खर्च किती, कागद कुठले, जायचं कुठे

भांडण वाढलं की नवरा कपाट उघडतो, पिस्तूल काढतो आणि जेवणाच्या टेबलावर ठेवतो. तोंडातून शब्द काढत नाही. गोळी सुटलेली नसते, अंगावर ओरखडाही नसतो, म्हणून बाईला वाटतं, पोलिसांना सांगायचं तरी काय? सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005’ या कायद्यात धमकी आणि मानसिक छळ दोन्ही हिंसाचारात मोडतात. आणि शस्त्र जप्त करण्याची तरतूद याच कायद्याखालच्या 2006 च्या नियमांत लिहिलेली आहे. नियम 10, पोटनियम 1, खंड (एफ) : मॅजिस्ट्रेटने लेखी आदेश दिला तर संरक्षण अधिकारी, गरज पडल्यास पोलिसांच्या मदतीने, हिंसाचारात वापरलेलं कोणतंही शस्त्र जप्त करण्याची कारवाई करतो. ‘कोणतंही’ म्हणजे परवान्याचं पिस्तूल, देशी कट्टा, कोयता, एअरगनसुद्धा.

त्या नियमातले ‘लेखी आदेश दिला तर’ हे शब्द लक्षात ठेवा. कोर्टाने आदेश द्यायचा तर कोणीतरी तो मागायला हवा. पोटगी, घर, मुलांचा ताबा हे सगळं अर्जात येतं, शस्त्राचं वाक्य मात्र राहून जाऊ शकतं. ते वाक्य लिहायला पैसे लागत नाहीत, आणि ते राहिलं तर पुढची धावपळ फार महाग पडते.

धोका किती खरा आहे हे महाराष्ट्राने जवळून पाहिलं आहे. 22 एप्रिल 2006 ला वरळीच्या घरात प्रवीण महाजन यांनी सख्ख्या भावावर, भाजप नेते प्रमोद महाजन यांच्यावर, गोळ्या झाडल्या. पिस्तूल परवान्याचं होतं. प्रमोद महाजन 3 मे रोजी गेले. 24 जुलै 2023 च्या पहाटे पुण्यात बाणेरला, अमरावतीत नेमणुकीस असलेल्या एका सहायक पोलीस आयुक्तांनी पत्नीला आणि पुतण्याला गोळ्या घालून स्वतःलाही संपवलं. तेही खासगी, परवान्याचंच पिस्तूल. म्हणून ‘परवाना आहे, साहेबांनी दिलेला आहे’ या वाक्याने कोणी तुमचं तोंड बंद करू पाहत असेल तर गप्प बसू नका. आपल्या देशात शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. शस्त्र अधिनियम, 1959 खाली सरकारने दिलेली ती परवानगी आहे आणि कारण असेल तर ती काढून घेता येते. अमेरिकेत मात्र बंदूक बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत आहे. तरी तिथेही 21 जून 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने रहीमी खटल्यात आठ विरुद्ध एक मताने ठरवलं की, घरच्या माणसाला धोका असल्याचं नमूद करून कोर्टाने ज्याच्यावर मनाई हुकूम काढला आहे, त्याच्याकडून शस्त्राचा हक्क काढून घेणारा कायदा वैध आहे. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मुलगी-बहीण असेल तर हे तिलाही कळवा.

आधी शस्त्र, मग नोटीस

या सगळ्यात क्रम चुकला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून खर्चाआधी क्रम सांगतो. कोर्टात अर्ज दाखल झाला की समोरच्याला नोटीस जाते. नोटीस घरी पोहोचते तेव्हा पिस्तूलही घरातच असतं. बाईने कायद्याची वाट धरली हे नवऱ्याला कळण्याचा तोच क्षण. त्यामुळे शस्त्राबद्दलचा आदेश नोटिशीनंतरच्या तारखेवर ढकलू नका. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 23 खाली मॅजिस्ट्रेट समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीच एकतर्फी अंतरिम आदेश देऊ शकतो. त्यासाठी नमुना क्रमांक 3 मधलं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा : ‘मला अंतरिम आदेश हवा आहे, एकतर्फी, आणि त्यात शस्त्र जप्तीची मागणी हवी आहे.’

मागणी अशी लिहिता येईल : ‘प्रतिवादीच्या ताब्यातील परवानाधारक पिस्तूल, काडतुसे व परवाना नियम 10(1)(एफ) अन्वये संरक्षण अधिकाऱ्यांनी पोलिसांच्या मदतीने तात्काळ जप्त करून संबंधित पोलीस ठाण्यात जमा करावा, तसेच कलम 18 अन्वये प्रतिवादीस कोणतेही शस्त्र बाळगण्यास व अर्जदाराजवळ आणण्यास मनाई करावी, व आदेशाची प्रत परवाना प्राधिकाऱ्यास पाठवावी.’ शेवटचा तुकडा गाळू नका. कोर्ट आणि परवाना शाखा ही दोन वेगळी दालनं आहेत. एका दालनातला कागद आपोआप दुसऱ्यात जाईल यावर विसंबू नका.

हकिकत लिहिताना तपशील द्या. ‘पती बंदूक दाखवून धमकावतात’ एवढ्याने भागत नाही. शस्त्र दिसायला कसं, लांब की आखूड, कुठे असतं, किल्ली कोणाकडे, काडतुसं वेगळी ठेवतात का, कोणत्या रात्री किती वाजता बाहेर काढलं, तेव्हा घरात कोण होतं, दारू प्यायलेले होते का. उदाहरणार्थ : ‘पिस्तूल बेडरूममधील लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, निळ्या रुमालात गुंडाळलेले असते. त्या रात्री त्यांनी ते काढून माझ्या ताटाशेजारी ठेवले. मुलगा समोर अभ्यास करत होता.’ अशा तीन वाक्यांवर अधिकाऱ्याला कारवाई करता येते. परवान्याचा क्रमांक माहीत नसेल तर अडत नाही. तो पोलिसांच्या दप्तरी असतो.

आणि एक सूचना, जिच्याकडे चांगल्या हेतूने दुर्लक्ष होतं : पिस्तूल स्वतः उचलून माहेरी, मैत्रिणीकडे किंवा गाडीच्या डिकीत नेऊ नका. परवाना नवऱ्याच्या नावावर आहे. ते तुमच्याकडे सापडलं तर विनापरवाना शस्त्राचा गुन्हा तुमच्यावर लागू शकतो आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 2 वर्षांची शिक्षा आहे. ते भरलेलं आहे का हेही तुम्हाला माहीत नसतं. 1 ऑक्टोबर 2024 ला जुहूत अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली, ती सवयीच्या हातातून. शस्त्राला हात न लावता जागा सांगायची, बाकी काम पोलिसांचं.

पोलीस ठाण्यात

इथला खर्च शून्य. तक्रार मोफत, एफआयआरची प्रत मोफत. ती देणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार बंधनकारक आहे. घर अंधेरीचं आणि तुम्ही मुलुंडला बहिणीकडे असाल तरी मुलुंडमध्ये ‘झिरो एफआयआर’ होते. ठाण्यात जाणं शक्य नसेल तर तक्रार ऑनलाइनही देता येते. मग 3 दिवसांत सही करून यावं लागतं.

पोलीस ठाण्यातून एन. सी. लिहून परत पाठवलं जाण्याची शक्यता असते. अदखलपात्र नोंद म्हणजे पुढचा तपास मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय होत नाही. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेली क्रूरता, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 85, पूर्वीचं 498-अ, हा गुन्हा खुद्द बाईने किंवा तिच्या जवळच्या नातेवाइकाने सांगितला तर दखलपात्र आहे. म्हणून ‘नुसती धमकी’ असं न सांगता सगळा छळ एकत्र सांगा. एफआयआर झाली की शस्त्र पुरावा म्हणून जप्त करता येतं. नाकारलं तर तीच तक्रार परिमंडळाच्या उपायुक्तांना लेखी पाठवा. स्पीड पोस्टचा खर्च शंभर रुपयांच्या आत आहे आणि पावती पुढे कोर्टात कामाला येते. आणि एन. सी. वरच थांबायची वेळ आली तर निदान त्या नोंदीत ‘पिस्तूल’ हा शब्द आणि ते कुठे ठेवलंय ते लिहून घ्या. नोंद वाचून मगच सही करा.

मग येते चॅप्टर केस. उपनगरातल्या चाळी-सोसायट्यांत हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिचा शस्त्राशी असलेला संबंध फारसा कोणी सांगत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली शांतता राखण्याचा बाँड लिहून घेण्याची कारवाई मुंबईत विभागाचे सहायक आयुक्त विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून करतात. बाँड जास्तीत जास्त 1 वर्षाचा. आता शस्त्र अधिनियमाचं कलम 9 पाहा : ज्याला असा बाँड लिहून देण्याचा आदेश झाला आहे, त्याला बाँडच्या मुदतीत शस्त्र बाळगण्यास बंदी आहे. म्हणजे दोषसिद्धीची वाट न पाहता, खटला उभा राहण्याआधी, पिस्तूल घराबाहेर जाण्याचा हा रस्ता आहे. तक्रारीच्या शेवटी एक ओळ टाका : ‘प्रतिबंधक कारवाई करून बाँड घ्यावा व शस्त्र अधिनियमाच्या कलम 9 नुसार शस्त्र जमा करून घ्यावे.’ तुमचा खर्च काही नाही. कोर्टाला ज्या माणसाकडे शस्त्र ठेवणं सार्वजनिक सुरक्षिततेला धोक्याचं वाटतं, त्याच्या घराची झडती घेऊन शस्त्र ताब्यात घेण्याचा अधिकार शस्त्र अधिनियमाचं कलम 22 मॅजिस्ट्रेटला वेगळा देतं.

‘अशी शस्त्रं जमा करायची सोय कुठे आहे?’ असं कोणी म्हणालं तर निवडणुकीची आठवण द्या. आचारसंहितेच्या काळात परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात पावती देऊन जमा करून घेतात, निकालानंतर परत देतात. तीच खोली, तेच रजिस्टर, तीच पावती. मतदारांच्या सुरक्षेसाठी जे होतं ते एका बाईच्या आणि तिच्या लेकरांच्या सुरक्षेसाठी का होऊ नये? हे मी मनापासून विचारतो.

परवाना शाखा : दुसरं दार

मुंबईत, म्हणजे दहिसर-मुलुंडपर्यंत, शस्त्र परवाना पोलीस आयुक्त देतात. कार्यालय क्रॉफर्ड मार्केटसमोर, पोलीस आयुक्तालयात. लोकलचं साधं तिकीट आणि शेअर टॅक्सी धरली तरी हा प्रवास स्वस्त आहे. खरी किंमत बुडालेल्या दिवसाची. अर्ज साध्या कागदावर, फी नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम 17 खाली, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटलं किंवा परवानाधारक अयोग्य ठरला, तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. निलंबन झालं की परवाना परत द्यावा लागतो, आणि ज्याचा ताबा बेकायदा झाला ते शस्त्र कलम 21 प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावं लागतं.

अर्जाला एफआयआर किंवा एन. सी., दवाखान्याचे कागद आणि कोर्टाचा आदेश झाला असेल तर तो जोडा. दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्क्याशिवाय प्रत हाताबाहेर सोडू नका. परवाना शाखा स्थानिक ठाण्याचा अहवाल मागवते आणि परवानाधारकाचं म्हणणंही ऐकून घेते. त्यात वेळ जातो. म्हणून हे दार एकटं पुरत नाही, कोर्टाच्या अर्जासोबत चालवायचं.

परवाना मुंबईचाच असेल असं नाही. 8 फेब्रुवारी 2024 ला बोरिवली-दहिसर भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं आणि परवाना उत्तर प्रदेशातला असल्याचं तपासात समोर आलं. नवरा सुरक्षारक्षक असेल, गावाकडचा परवाना असेल, तर अर्जाची एक प्रत त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनाही धाडा. नवरा पोलिसांत किंवा निमलष्करी दलात असेल आणि शस्त्र सरकारी असेल तर कलम 17 चा उपयोग नाही. तिथे त्याच्या घटकप्रमुखाला लेखी कळवायचं की हे शस्त्र घरी नेऊ देऊ नका. अवघड असतं, कारण साहेब त्याचे ओळखीचे असतात. अशा वेळी महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षातल्या समाजसेविकेला बरोबर घ्या. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर हा उपक्रम सुरू केला. सल्ला मोफत.

कोर्ट आणि वकील

अर्ज कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 12 खाली मॅजिस्ट्रेटकडे. अंधेरी आणि बोरिवलीला कोर्टं आहेत, मुलुंडला आहे. घाटकोपरकरांना हद्दीप्रमाणे विक्रोळीला किंवा कुर्ल्याला जावं लागतं. कलम 27 मुळे तुम्ही सध्या तात्पुरत्या जिथे राहता तिथेही अर्ज चालतो, तेव्हा माहेरी गेलात तर माहेराजवळचं कोर्ट धरा. पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. निकालाला प्रत्यक्षात बराच जास्त वेळ लागतो, हे मनात धरूनच पैशांचा हिशेब करा.

कोर्ट फी लागत नाही. महिलांनी दाखल केलेल्या पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत महाराष्ट्र शासनाने 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने ती माफ केली आहे. कोर्टाबाहेरच्या टेबलावर कोणी ‘प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टॅम्पपेपर लागेल’ असं सांगेल. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. ते पाचशे वाचवा. आदेशाची प्रत कलम 24 नुसार मोफत. झेरॉक्स, टायपिंग, फोटोच्या प्रिंट एवढंच पदरचं.

वकील हा मोठा खर्च वाटतो, पण बाईसाठी तोही शून्यावर येऊ शकतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 खाली स्त्रीला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या नावावर फ्लॅट असणाऱ्या बाईलाही. कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. खासगी वकील केलात तर फी आधी ठरवा : एकरकमी की तारखेला, अंतरिम अर्ज त्यात धरला आहे का, अपील झालं तर वेगळे किती. हे व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्या. अपील सत्र न्यायालयात 30 दिवसांत करायचं असतं. पश्चिम उपनगरांची अपिलं साधारण दिंडोशीला जातात.

झालेला खर्च परत मागता येतो, हे विसरू नका. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 20 खाली बुडालेली कमाई, औषधोपचार, मोडतोड झालेल्या वस्तू यांची भरपाई आणि निर्वाह खर्च कोर्ट देऊ शकतं. रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये. कोर्ट, ठाणं, दवाखाना अशा फेऱ्या मोजल्या तर रक्कम छोटी राहत नाही. एक वही करा, तारीख आणि रक्कम टाकत जा, बिलं चिकटवा. घरकाम करणाऱ्या बाईने बुडालेला रोज लिहून ठेवावा, तोही हिशेबात येतो.

मार लागला असेल तर पालिकेच्या रुग्णालयात जा आणि केसपेपरवर कारण खरं लिहायला सांगा. ‘पाय घसरून पडले’ असं लिहिलं गेलं तर तो कागद पुढे तुमच्याच विरुद्ध बोलतो. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं आणि पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही ते पोहोचलं. समुपदेशन मोफत. धमकीचे मेसेज, शस्त्राचे फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. मूळ फोन हाच पुरावा.

आदेश मोडला तर? संरक्षण आदेशाचा भंग हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत पर्समध्ये ठेवा आणि एक वॉचमनकडे द्या.

परवानाधारकांनाही एक शब्द. शस्त्र जमा करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. प्रकरण मिटलं, आरोप टिकला नाही, तर ते परत मागता येतं आणि परवाना प्राधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध शस्त्र अधिनियमाच्या कलम 18 खाली अपील आहे. घरात तणाव असेल तर स्वतःहून ठाण्यात जमा करून पावती घ्या. तुमचा आणि घरच्यांचा त्यातच बचाव आहे.

शेजाऱ्यांनो, सोसायटीच्या सेक्रेटरींनो, कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 4 तुमच्यासाठी आहे. हिंसाचार घडतोय किंवा घडेल असं वाटलं तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. भिंतीपलीकडे ‘बंदूक’ हा शब्द ऐकू आला तर सकाळची वाट पाहू नका. तातडीला 112, मुंबई पोलिसांची महिला हेल्पलाइन 103, राज्यभरासाठी 181, वकिलासाठी 15100. फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगा की घरात शस्त्र आहे.